रऊफची अक्षरं

रऊफ गेल्याचं मला बाजारात मेथीवालीकडून कळलं. "सर, तुमचा बॅनरवाला दोस्त गेला ना सकाळी..." असं म्हणत ती जुड्या मोजत राहिली. दुकानात, खुर्चीवर बसल्या बसल्या गेला. पन्नाशीही गाठली नव्हती. त्याला आता महिना होऊन गेला. शोकसभेत सगळे गोड बोलले, मीही बोललो. इथे मात्र खरं लिहायचं ठरवलं आहे.

मंगरूळपीरच्या बसस्टँडमागे त्याचं डिझाइनचं दुकान. वाढदिवस, श्रद्धांजली, उरूस, पोहरादेवीची यात्रा, सगळे बॅनर त्याच्याच कॉम्प्युटरवर जुळायचे. "भाऊले अजून गोरा कर," म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो तोंडावर सांगायचा, "याच्यापुढं भाऊ नाही, चुन्याची भिंत दिसन." त्याचे अब्बा ब्रशने पाट्या रंगवणारे पेंटर. फ्लेक्स आलं आणि त्यांचा ब्रश वाळला. "अब्बाचं काम मीच खाल्लं," असं रऊफ म्हणायचा, आणि तेव्हा तो हसत नसे.

म्हणूनच त्याने गावातल्या जुन्या पाट्यांचे फोटो काढून अब्बांच्या वळणाचा मराठी फॉन्ट करायला घेतला. एकेक अक्षर माउसने ओढायचं, पुसायचं, परत ओढायचं... तीन वर्षं. पुण्याची एक कंपनी तो अब्बांच्या नावाने बाजारात आणायला तयार होती. संध्याकाळी शटर ओढलं की डोळ्यांची आग शमवायला तो आमच्या भाजीच्या मळ्यात यायचा. वांग्याच्या वाफ्याशी उकिडवा बसून काडीने ओल्या मातीत 'ळ' काढायचा. तेवढं एक अक्षर काही केल्या जमत नव्हतं. "दोन पोटं हायेत याले, एक सुजूनच येते," म्हणायचा.

शाळेचा वार्षिक अंक मी करत होतो. त्यासाठी त्याने मला ती अर्धवट फाइल दिली. "तू हायेस म्हून देतो, दिगंबर. कोनाले देऊ नको." अंक छापणाऱ्या वाशिमच्या छापखानेवाल्याला अक्षरं फार आवडली. मी फुशारून फाइल त्याला देऊन टाकली. त्याने माझी कविता पहिल्या पानावर रंगीत छापली. एवढ्यावर मी विकला गेलो.

वर्षभरात ती अक्षरं इंझोरीपासून वाशिमपर्यंत प्रत्येक बॅनरवर चढली. गावाच्या नावातच 'ळ' असल्याने तो सुजका 'ळ' चौकाचौकात लटकला. फुकट फिरणारी वस्तू आम्ही कशाला काढू, म्हणून कंपनीने हात वर केले. गिऱ्हाइकं रऊफलाच विचारू लागली, "तो वाशिमवाला फॉन्ट हाये का तुमच्यापाशी?" तो "हाये" म्हणायचा आणि मुकाट्याने वापरायचा.

एकदा मळ्यात त्याने विचारलं, "कोनं देल्ला असन रे?"

"आजकाल काय सांगता येते... कॉम्प्युटरमधून कोनंही चोरते," मी म्हणालो. त्याने मान हलवली आणि वांग्याचा भाव विचारला. त्यानंतर मातीत काही काढलं नाही, पण यायचं थांबवलं नाही. चार वर्षं येत राहिला. माझं खोटं पचलं, असं मी धरून चाललो.

परवा त्याच्या घरी गेलो. त्याची मुलगी नाझिया कॉलेजात शिकते. तिने त्याचा कॉम्प्युटर लावून दाखवला. पडद्यावर 'ळ' आला, दोन्ही पोटं सारखी, कुठे सूज नाही. सगळा फॉन्ट पुरा करून, खाली अब्बांचं नाव घालून ठेवला होता. घराबाहेर कोणाला न सांगता. मला भरून आलं. म्हणालो, "बेटा, मले दे हे. परत पुण्याले पाठवून पाहू."

तिने माउसवरचा हात काढून घेतला.

"चाचा... अब्बूनं मांगंच सांगून ठेवलं होतं. कोनालेही दे म्हने, पन दिगंबरले देऊ नको."

मग तिने चहा ठेवू का विचारलं. सगळं ठाऊक असून चार वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसत होता.