स्प्रिंगांची खंडेनवमी

मोटार ही कायद्याने जंगम मालमत्ता आहे. आमची मोटार मात्र एका खंडेनवमीला स्थावर झाली, आणि तिला तशी करण्यास मी सोडून घरातील प्रत्येक व्यक्ती जबाबदार होती, असे माझे तेव्हा म्हणणे होते व आजही आहे.

ती गाडी मी एका साहेबाकडून, तो विलायतेस परत निघाला तेव्हा विकत घेतली. (साहेब लोक जाताना एखादी वस्तू मागे का ठेवून जातात, हे ती वस्तू घेतल्यावरच कळते.) तिच्या मागच्या स्प्रिंगा, म्हणजे चाकांवर गाडीचा भार पेलणारे पोलादी पट्ट्यांचे ते जुडगे, इतके थकले होते की आमच्या सदर भागातल्या रस्त्यावरील प्रत्येक खड्डा आत बसलेल्या माणसास तपशीलवार समजे. त्या खड्ड्यांविषयी मी संबंधित कचेरीस सविस्तर पत्रे धाडली होती. (कचेरीचे नाव लिहीत नाही, उत्तर न देण्याची तिची सवय मोडावी, असा माझा हेतू नाही.) स्प्रिंगांच्या शेजारी धक्के सोसणारी म्हणून दोन यंत्रे होती. धक्का आपण गिळावा आणि मालकास कळू देऊ नये, एवढेच त्यांचे कर्तव्य. ती धक्का जसाच्या तसा मालकाकडे वर्ग करीत.

याच गाडीतून मी भिवापूरच्या गणपतरावांना स्टेशनावरून घरी आणले व परत पोचवले. गणपतराव मिरचीचे व्यापारी, व्यापार मोठा आणि देह त्याहून मोठा. ते आमच्या कुसुमला आपल्या मुलासाठी पाहण्यास आले होते. मुलगी त्यांना आवडली. मुलगा कुसुमला आवडलेला होता, हे तिने आईस सांगितले होते. आईने ते मला सांगितले नव्हते, तरीही मला माहीत होते. परंतु परतीच्या वाटेवर गाडी एका खड्ड्यात बसली आणि गणपतराव कमरेत. पुढे निरोप आला, ‘कंबर सरळ झाली की नवमीला येऊन काय तो शब्द देतो.’ माझ्या मुलीच्या लग्नाचा निकाल असा एका कमरेसाठी तहकूब झाला!

तेव्हा स्प्रिंगा बदलणे प्राप्त होते. सदरमधल्या मोटार कारखानदारास मी पूर्वी भोंग्याच्या प्रकरणात नोटीस दिलेली होती. त्याने कळवले, “नोटीस मागं घ्या, मंग गाडी पुढं आणा.” मी नोटीस मागे घेणाऱ्यांपैकी नव्हे. मुंबईहून नव्या स्प्रिंगा व धक्के सोसणारी नवी यंत्रे पार्सलाने मागवली आणि काम घरीच करण्याचे जाहीर केले. मदतीस माझा मेहुणा बापू होता. तो सावनेरला कापसाच्या जिनावर, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्यात, देखरेखीस असे, आणि देखरेखीपलीकडे कोणतेही काम त्याने केल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

“भाऊजी, जिन काय अन् मोटार काय,” बापू म्हणाला. “नट उलटा फिरवला का सुटतेच.”

“आणि बसवताना?”

“तवा सुलटा फिरवाचा. तुम्ही वकील लोक सोप्या गोष्टीले कठीण काहून करता?”

अष्टमीच्या दिवशी आम्ही अंगणात गाडीचा मागचा भाग जॅकवर चढवला, बाजूंना लाकडी ओंडके लावले, चाके काढली आणि जुन्या स्प्रिंगा सोडवल्या. त्या सुटल्या तेव्हा एक पट्टी तुळशीवृंदावनापर्यंत गेली. (वृंदावनाच्या नुकसानीबद्दल आमच्या घरात स्वतंत्र प्रकरण चालले, त्यात मी हरलो.) दिवस मावळला. नवे सामान सकाळी बसवायचे ठरले. गणपतरावांची आगगाडी दुपारची होती. वेळ भरपूर होता.

नवमीला सकाळी मी स्नान करून बाहेर आलो. ओसरीवर पाटांची रांग मांडलेली होती. पाटांवर नट फिरवायचे पाने, हातोडी, पक्कड, छिन्नी, माझ्या नव्या स्प्रिंगा आणि धक्के सोसणारी नवी यंत्रे. सर्वांस हळदकुंकू, अक्षता, झेंडूची फुले. जॅक गाडीखालून काढता येईना, म्हणून त्याची पूजा जागेवरच उरकली होती. त्याच्या दांड्यास माळ होती.

“हे काय आहे?” मी विचारले.

“खंडेनवमी,” आमच्या सौभाग्यवती निरांजन खाली ठेवत म्हणाल्या. “हत्याराची पूजा. तुम्ही उशिरा उठले म्हून म्याच केली.”

“उत्तम. आता मला ते पाने हवे आहेत.”

“उद्या दसऱ्याले घ्या. पूजेतलं हत्यार आज हालवत नाही.”

मी शांतपणे युक्तिवाद मांडला. पाने ही हत्यारे आहेत, हे मी वादापुरते मान्य केले. परंतु स्प्रिंग हे हत्यार नव्हे, अवजारही नव्हे. तो गाडीचा अवयव आहे, सबब पूजेच्या कक्षेत येत नाही.

“मंग त्याले हळद काहून लागली?”

“ती तुम्ही लावलीत!”

“लागली ना? झालं तं मंग.”

मी निकडीचा मुद्दा काढला. मुलीचे लग्न अडले आहे, पाहुण्यांची कंबर अडली आहे. त्यावर सौभाग्यवतींनी माझ्याच विरुद्ध माझाच दाखला दिला. “मांगच्या साली बाजूच्या सुतारानं नवमीले रंधा चालवला, तवा धर्म बुडाला म्हून नोटीस कोणं देल्ली? म्या?”

“तो तिऱ्हाईत होता.”

“अन् मी कोण, तुमची अशील? हात लावू नका.”

या वेळी बापू गाडीखाली उताणा होता आणि एकुलता एक पूजेतून निसटलेला पाना त्याच्या हातात होता. मला आशा वाटली. सौभाग्यवती वाकल्या, त्यांनी पान्यास कुंकू लावले आणि बोट तसेच पुढे नेऊन भावाच्या कपाळासही लावले.

“आता याच्याकडूनही काम करून घेऊ नका,” त्या म्हणाल्या.

“अक्का, प्रसादाले काय आहे वं?” बापूने गाडीखालून विचारले, आणि उत्तर ऐकून तो बाहेर आला. पुन्हा गेला नाही.

मी गल्लीत निघालो. एखाद्या घरी तरी मोकळा पाना असेल, असा माझा अंदाज होता. सायकलवाल्याचे पाने झेंडूखाली होते. लोहाराची ऐरण माळेत होती. अखेर अभिमान गिळून सुताराकडे गेलो. तो दारातच हात जोडून उभा राहिला.

“वकीलसाहेब, तुमची नोटीस आली तवापासून नवमीले मी खिळासुद्धा हातात घेत नाही,” तो म्हणाला. “आज तं चाकूही पूजेत आहे. बायको भाजी हातानं तोडून राहिली.”

त्याच्या चेहऱ्यावर नम्रतेखेरीज काहीही नव्हते, आणि अशा नम्रतेवर दावा लावता येत नाही, याचे मला अतोनात दुःख झाले.

परत येईपर्यंत गणपतराव दारात पोचले होते. स्टेशनावरून ते टांग्याने आले होते आणि टांग्यातून उतरताना कमरेवर हात ठेवून त्यांनी जो उसासा सोडला, त्यात मला माझ्या मुलीच्या भवितव्याचा निकाल ऐकू आला. दाराआड बांगड्या वाजल्या. कुसुमनेही तो ऐकला असावा.

“बसा, बसा,” मी म्हणालो. पण बसवणार कुठे? ओसरीवरचे सगळे पाट हत्यारांनी अडवलेले. तेवढ्यात बापूने गाडीच्या मागच्या बैठकीची गादी उचकटून आणली आणि भिंतीशी टेकवली. (गाडीतील तेवढ्याच स्प्रिंगा पूजेतून सुटल्या होत्या.) गणपतराव तीवर टेकले आणि अंगणाकडे पाहू लागले. बिनचाकांची, बिनस्प्रिंगांची, खालच्या जॅकला झेंडूची माळ घातलेली मोटार त्यांच्याकडे पाठ वर करून उभी होती.

“गाडी काहून टांगून ठेवली, वकीलसाहेब?”

“काही तांत्रिक कारणांमुळे दुरुस्ती स्थगित ठेवणे मी इष्ट समजलो,” मी म्हणालो.

“ह्यायनं नाही, म्या ठेवली,” आतून आवाज आला. “पूजेतल्या हत्याराले हात लावू देल्ला नाही.”

“मी परवानगी दिली होती,” मी म्हणालो.

“मांगून देल्ली,” बापूने तोंडातला घास गिळून सांगितले. “आधी लई भांडले. गल्लीत पाने मांगत फिरले. कोणी देल्ले नाही.”

गणपतराव हसू लागले. कंबर धरून हसले, मग कंबर सोडून हसले.

“खरं सांगू का, वकीलसाहेब, राग नका मानू,” ते म्हणाले. “मी आज नकार द्याले आलतो. कमरेचं निमित्त होतं. आमच्या घरच्यायले तुमचं भेव वाटे. म्हणत, नोटीसवाल्याची पोरगी घरात आणली अन् तिले एखाद दिवस वरणात मीठ कमी लागलं, तं भिवापुरात समन्स येईन. पण इथं येऊन पाह्यलं, तं तुमचं घरात कोणी ऐकतच नाही. बायको नाही, साळा नाही, गल्ली नाही. मंग भेव कायचं? पोरगी आमची झाली.”

दाराआडच्या बांगड्या पुन्हा वाजल्या. या वेळी त्या धावत माजघरात गेल्या.

मुलीचे कल्याण एका बाजूस, परंतु हे विधान वस्तुस्थितीस सोडून व माझ्या लौकिकास बाधक होते. ते तसेच दप्तरी राहू देणे मला शक्य नव्हते. मी उभा राहिलो, घसा साफ केला आणि म्हणालो, “या विधानास माझी सक्त हरकत आहे. या घरात माझा शब्द...”

“अहो, बसा,” आतून आवाज आला. “पानं वाढली.”

मी बसलो. गणपतरावांनी बापूकडे पाहिले, बापूने मान डोलावली, आणि माझी अर्धवट राहिलेली हरकत हाच त्यांच्या बाजूचा शेवटचा पुरावा ठरला.