कानाआडची वाट

मुंजाबाचा डावा कान एका सकाळी अचानक गेला. ठणका नाही, पू नाही. उठला तर त्या बाजूला नुसती शांतता.

त्या वर्षीच्या दुष्काळात खुलताबादच्या डोंगरावर पाला उरला नव्हता. म्हणून तो मेंढरं घेऊन शहराच्या कडेला, लेकाच्या खोलीवर आला होता. प्लॉट पडलेले, इमारती अर्ध्या. बांधकामावर मारलेल्या पाण्यानं तिथं चार हिरव्या काड्या उगवायच्या. म्होरक्या मेंढीच्या गळ्यात बारीक घंटी होती. मुंजाबा डोळे मिटून बसला तरी कळप कुठल्या अंगाला आहे ते त्या घंटीवरून सांगायचा.

आता घंटी वाजायची, पण जो तो आवाज उजवीकडूनच यायचा. तो उजवीकडं धावला आणि कळप डावीकडं, बायपासवर, टिपरच्या पुढ्यात गेला. ब्रेक लागला म्हणून निभावलं.

"इकून टाका मेंढरं," लेक अजिनाथ म्हणाला. "पुढच्या बारीला तुम्हीच चाकाखाली जाल."

मुंजाबानं लसणाचं तेल घालून पाहिलं. अखेर सून दिपाली त्याला कानाच्या दवाखान्यात घेऊन गेली.

"तेल कशाला घातलं? लगेच यायचं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखणं पडद्याच्या पार आत आहे. तुम्हाला साखर आहे, गोळ्यांनी ती वाढेल, म्हणून गोळ्या नकोत. सुईनं औषध पडद्याआड सोडते. गुण येईलच असं मात्र नाही."

पडदा बधिर करून बारीक सुई गेली. आत काहीतरी कोमट भरलं, खोली जराशी फिरली. डावा कान वर करून त्याला कुशीवर निजवलं.

"आता बोलायचं नाही, गिळायचं नाही."

मुंजाबाला हे काही पटेना. जन्मभर त्यानं मेंढरांना नळीनं औषध पाजलेलं. जबडा वर धरायचा आणि घोट उतरला की मगच सोडायचा. गिळल्याबिगर औषध लागू कसं पडंल? बाईंची पाठ वळताच त्यानं मनापासून मोठा घोट गिळला.

"गेलं बघा," तो खुशीत म्हणाला. "कडू हाय."

"मामा!" दिपालीनं कपाळाला हात लावला.

बाई मात्र हसल्या. "कानातून घशात एक वाट असते, मामा. गिळलं की ती उघडते. औषध गेलं पोटात."

"कानातून घशात?" मुंजाबा उठूनच बसला. "मंग मेंढरालाबी आसंल?"

"असते की."

"आन् मला आज कळतंय व्हय!"

पुढच्या सुयांना तो तोंडात लाळ साठवून दगडासारखा पडून राहिला. मनात त्या वाटेचाच विचार. कुठं वळत असेल, किती अरुंद असेल.

शेवटच्या सुईनंतर काही दिवसांनी दिपालीनं त्याला मोकळ्या प्लॉटवर पाठमोरं उभं केलं. अजिनाथ हाताची घडी घालून बघत होता. तिनं डाव्या अंगानं बारीक घंटी वाजवली. मुंजाबानं उजवीकडं बोट केलं.

"झालं," अजिनाथ पुटपुटला.

दिपालीनं म्हाताऱ्या बोकडाच्या गळ्यातली जाड पितळी घंटी सोडून आणली आणि त्याच जागेवरून वाजवली. मुंजाबाचा हात अर्धवट उठला, थबकला, मग सावकाश डावीकडं वळला.

"रांजणात वाजल्यागत येतंय," तो म्हणाला. "पर तिकडूनच येतंय."

"पुन्हा वाजव," अजिनाथ म्हणाला. तिनं जागा बदलून वाजवली. बोट बरोबर तिकडं गेलं.

अजिनाथ पुढं झाला. त्यानंच म्होरक्या मेंढीला धरलं, गळ्यातली बारीक घंटी सोडली आणि जाड घंटी बांधायला घेतली.

"जरा सैल बांध," मुंजाबा म्हणाला. "तिला गिळता आलं पायजे."