आमचं घर म्हणजे फील्ड

पडद्यावर माझी आई होती. वाकलेली. डाव्या हातात बादली, उजव्या हातानं उंबरठ्यावर पाणी टाकत असलेली. पदर कमरेला खोचलेला. फोटो एवढा मोठा केलेला, की तिच्या टाचांच्या भेगा शेवटच्या बाकावरूनही दिसाव्यात. खाली इंग्रजीत एक ओळ. तिचा अर्थ असा, की वस्तीत पाण्याच्या वापराबद्दल जागरूकतेचा अभाव आहे.

माझ्या वर्गातला ईशान लेसरचा लाल ठिपका त्या बादलीवर फिरवत होता. म्हणत होता, टंचाई काही फक्त महापालिकेमुळे नसते, हे लोक स्वतःच पाणी वाया घालवतात, हा बघा पुरावा. मुलांनी ते लिहून घेतलं. शिकवणाऱ्या मॅडमनी मान डोलावली. मी तिसऱ्या बाकावर होते. ही माझी आई आहे हे त्या खोलीत प्रत्येकाला माहीत होतं, कारण तीन आठवड्यांपूर्वी सगळे आमच्या घरी येऊन गेले होते. एकानंही माझ्याकडं वळून बघितलं नाही.

विषयाचं नाव ग्लोबल पॉलिटिक्स. आमच्या शाळेत अकरावी-बारावीला तो घेता यायचा. शाळा शहराबाहेरची, इंटरनॅशनल. दरवर्षी वस्त्यांमधल्या एक-दोन हुशार पोरींना तिथं फुकट घ्यायचे आणि त्यांचे फोटो माहितीपत्रकात छापायचे. त्या वर्षीची हुशार पोरगी मी. उस्मानपुऱ्याच्या मागच्या वस्तीतली. बाप छावणीच्या बाजारात हमाली करतो, आई घरात शिलाई करते. जात विचारायची कुणाला गरज पडली नाही. भिंतीवरचा निळ्या कोटातला फोटो बघून ज्याला कळायचं त्याला कळतं.

मला हा विषय मनापासून आवडायचा. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर लोक म्हणतील, झेपला नाही म्हणून चिडली. सत्ता म्हणजे काय, ती कुणाकडं असते, कुणाकडं नसते आणि का, हे वर्गात बसून बोलता येतं हेच मला नवीन होतं. नदीचं पाणी अडवणारे देश, खालच्या अंगाला तहानलेले देश, हे वाचताना मला आमची गल्ली दिसायची. मी हात वर करकरून बोलायचे. मॅडम खूश होत्या. म्हणायच्या, तुझ्याकडं अनुभव आहे. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

या विषयात एक प्रकल्प असतो. एखादा राजकीय प्रश्न निवडायचा, त्यात अडकलेल्या माणसांना प्रत्यक्ष भेटायचं आणि लिहायचं. त्याचे मार्क अंतिम निकालात धरतात. आमच्या वर्गानं पाणी घेतलं. ठरवायची बैठक ईशानच्या बंगल्यावर झाली. त्याचे वडील बिल्डर. आम्ही हिरवळीवर खुर्च्या टाकून बसलो होतो आणि शेजारी फवारे गोल गोल फिरत होते. माझी चप्पल भिजली. मॅडमनी विचारलं, फील्ड कुठलं घ्यायचं, म्हणजे प्रत्यक्ष बघायला कुठं जायचं? मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मीच म्हणाले, आमच्याकडं या.

आईला सांगितलं तेव्हा तिला लई आनंद झाला. पोरीच्या शाळेची माणसं घरी येणार. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसतो. आलं की ड्रम, हंडे, पातेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायचं आणि पुढचं पाणी येईपर्यंत पुरवायचं. भांड्यांचं खळबळलेलं पाणी मोरीत, मोरीतलं झाडाला. तर आईनं सगळे ड्रम शेजारच्या काकूंच्या अंगणात नेऊन ठेवले. घर नीट दिसावं म्हणून. आणि पाहुणे यायच्या आधी उंबरठा धुवायला घेतला. भरून ठेवलेल्या पाण्यानं. सणाच्या दिवशी धुतात तसा. वर रांगोळी काढायची होती तिला.

बस लवकर आली. आई अजून बादली घेऊन वाकलेलीच होती. ईशाननं गल्लीच्या तोंडावरूनच फोटो काढला.

आमच्यात रीत अशी, की दारात आलेल्या माणसाला आधी पाणी. कशाला आलात ते नंतर विचारायचं. आईनं माठातलं पाणी चांगल्या स्टीलच्या ग्लासांत भरून ताटात आणलं. कुणी घेतलं नाही. सगळ्यांकडं बाटल्या होत्या. एका मुलीनं आईसमोरच सॅनिटायझर चोळलं. मॅडमनी ग्लास हातात घेतला, हसल्या आणि तसाच खिडकीत ठेवला. आई ताट धरून उभी राहिली. मग मॅडम म्हणाल्या, ड्रम दिसत नाहीत कुठं, फोटोसाठी हवे होते. काकूंच्या अंगणातून ते परत आणले. बाहेर रांगेत लावले. त्यामागं आईला उभं केलं आणि सांगितलं, हसू नका.

सगळे गेल्यावर आईनं ग्लासांतलं पाणी पुन्हा माठात ओतलं. मला एवढंच विचारलं, "त्यांना चालत नाय का आपलं पाणी?" मी म्हणाले, तब्येतीला जपतात ते. मी त्यांची बाजू घेतली. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

तर पडद्यावर तो फोटो होता आणि लाल ठिपका बादलीवर. मी उठले. मराठीत बोलले, वर्गात इंग्रजीच चालतं तरी.

"ते पाणी तुमच्यासाठी सांडलं होतं."

ईशान हसला. त्याला खरंच कळलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "भावनिक होऊ नकोस. आपण व्यक्तीबद्दल बोलत नाही आहोत, प्रश्नाबद्दल बोलतोय."

"फोटो व्यक्तीचा आहे," मी म्हणाले. पुढं गेले आणि लॅपटॉपची वायर उपटली. पडदा निळा झाला. ईशानला एक ठेवून द्यावी असं वाटत होतं. दिली नाही, कारण मग वस्तीतली पोरं अशीच, असं म्हणायला वर्गाला आयतं कारण मिळालं असतं.

दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावलं. प्रिन्सिपल सरांनी समोर बंद बाटली ठेवली. आईनं ती उघडून सगळी प्यायली. दुसऱ्याच्या दारातलं पाणी नाकारायचं नसतं हे तिच्यात भिनलेलं आहे. सरांनी मोठ्या सौजन्यानं समजावलं, की शाळा एवढं करते, मुलीनं वर्गासमोर माफी मागितली की विषय संपला, फीच्या सवलतीवर परिणाम व्हायला नको. आई माझ्याकडं वळली.

"तू खोटं बोललीस का?"

"नाय."

"मग माफी कशाची?"

ती उठली. सरांना नमस्कार केला आणि मला घेऊन बाहेर पडली. गेटपाशी थांबली. तिथं म्हणाली, "शिक. पण मान खाली घालून नाय."

शाळेनं मला काढलं नाही. काढलं असतं तर बोभाटा झाला असता, आणि माहितीपत्रक छापून तयार होतं. मला स्वतंत्र प्रकल्प करायला सांगितलं. मी विषय लिहून दिला: ईशान राहतो त्या कॉलनीत पाणी कुठून येतं, किती येतं आणि हिरवळीवर किती जातं. मॅडमनी तो वाचून परत दिला. म्हणाल्या, असं करता येणार नाही, लोकांच्या घरात शिरता येत नाही, ते खासगी आहे.

"मग माझं घर?"

"ते फील्ड होतं."

हे त्या कुजकेपणानं बोलल्या नाहीत. सहज बोलल्या. म्हणूनच ते माझ्या डोक्यात कोरलं गेलं. दोन वर्षं सत्तेच्या व्याख्या पाठ केल्या होत्या, आणि सत्ता म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. ज्याच्या घराला गेट असतं त्याचं जगणं खासगी. ज्याच्या दाराला नुसता पडदा, त्याच्या जगण्यात कुणीही शिरावं, टाचांच्या भेगा मोजाव्यात, मार्क मिळवावेत.

तरी मी गेले. कॉलनीच्या गेटबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर उभी राहिले. टँकर आत जाताना पाहिला. वॉचमननं मला हटकलं, मग हाकललं. ते हाकलणंच मी प्रकल्पात लिहिलं. ईशानला चांगले मार्क मिळाले, मला पास होण्यापुरते. शेरा होता, लेखनात तटस्थता नाही. त्या मार्कांमुळं परदेशातल्या विद्यापीठाची मिळू शकणारी शिष्यवृत्ती गेली. त्याचं वाईट वाटत नाही असं मी म्हणणार नाही. वाटतं. रागही येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही.

आता मी इथंच कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. गेल्या महिन्यात मॅडमचा फोन आला. आवाज गोड. नवी बॅच आहे, विषय पुन्हा पाणी, तुझ्या घरी येऊ का, तू आमची माजी विद्यार्थिनी. मी म्हटलं, आधी ईशानच्या कॉलनीत जा. गेट उघडून घ्या. तिथल्या बाईंना हिरवळीवर उभं करून सांगा, हसू नका. मग आमच्याकडं या. आल्यावर पहिलं पाणी प्या, आमच्या ग्लासात, माझ्या आईसमोर. पुढं काय विचारायचं आणि काय नाही, ते ती ठरवेल.

मॅडम म्हणाल्या, हे शक्य नाही.

"मग येऊ नका."

आई मशीनवर होती. पाय थांबवून ऐकत होती. कोण होतं विचारलं, मी सांगितलं. तिनं पुन्हा शिलाई सुरू केली.

तरी ते येतील, मला ठाऊक आहे. आमच्या नाही तर पलीकडच्या गल्लीत. कुणाचं तरी दार त्यांना लागणारच. बस थांबेल तेव्हा गल्लीच्या तोंडावर मी उभी असेन. फोटो मी काढीन, उतरणाऱ्या प्रत्येकाचा. आणि पहिला प्रश्न माझा असेल. तुमच्या घरी पाणी कुठून येतं? उत्तर मिळाल्याशिवाय एकालाही आत सोडणार नाही.