गुपचूपमामांनी मुका केलेला कॅमेरा

एकदा बोलायला लागले की समोरच्याला जांभई द्यायलाही सवड मिळायची नाही, आणि अशा माणसाला लोकांनी नाव ठेवलं होतं गुपचूपमामा! कारण एवढंच, की त्यांच्या हातून दुरुस्त झालेलं यंत्र आवाज करत नसे. शिवणयंत्र असो नाहीतर पंखा, खडखड म्हणजे मामांच्या लेखी दुखणंच. ते काढल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

त्यांची थोरली बहीण आक्का घर आवरून लेकीकडे राहायला निघाली होती. तिचे यजमान, म्हणजे मामांचे दाजी, सिनेमा कंपनीत कॅमेरा चालवायचे. त्यांच्यामागे उरलेला, हातानं मूठ फिरवून चालवायचा कॅमेरा माळ्यावर गंजत पडला होता. तो दाजींच्या नावानं संग्रहालयात लागावा, एवढीच आक्काची इच्छा होती.

मामा हात धुऊन कॅमेऱ्याच्या मागे लागले. मामी जेवायला हाका मारून थकल्या, पण हे आपले तोंडात स्क्रू धरून बसलेले. गंज उतरवला, भिंगावरची बुरशी पुसली. आतल्या एका चाकाचा दात तुटला होता, तर त्याजागी पितळेचं नवं कोरं चाक घडवून बसवलं.

संग्रहालयाच्या बाई कॅमेरा न्यायला मामांच्या दुरुस्तीच्या दुकानात आल्या. आक्काही आली. मामांनी ऐटीत मूठ फिरवली. हूं नाही की चूं नाही.

आक्काचा चेहरा उतरला. "हा त्यांचा नव्हे. कुठून आणलास? परक्याच्या वस्तूला त्यांचं नाव मी लावू द्यायची नाही."

"अगं, डोळ्यांत तेल घालून दुरुस्त केलाय मी," मामा चिडले.

"त्यांचा फेऱ्याफेऱ्याला टक् करायचा."

मामांचा हात मुठीवरून खाली आला. एवढे दिवस खपून दाजींचाच आवाज आपण काढून टाकला, हे त्यांना फार लागलं.

"जुनं चाक आहे का?" बाईंनी हळूच विचारलं. "आम्हालाही मूळचंच हवंय."

होतं. मामा मोडका खिळासुद्धा टाकत नसत, मामी त्यावरून रोज डोकं धरायच्या. पण धड चाललेलं यंत्र आपल्याच हातानं बिघडवायचं! मामांच्या अगदी जिवावर आलं. तरी त्यांनी कॅमेरा उघडला, नवं चाक काढलं आणि ते दात पडलेलं परत बसवलं.

मूठ फिरली. खरखर, टक्. खरखर, टक्.

समोर बसलेल्या आक्कानं कपाळावरचे केस मागे सारले, चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि मान ताठ करून भिंगाकडे पाहिलं.

"आक्के, आत फिल्म नाही गं," मामा म्हणाले.

"ठाऊक आहे," ती ओठ न हलवता म्हणाली. "तू थांबू नकोस."