फरीदाने फोडलेली संख्या

फरीदाच्या सलीमचा फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होते. "मावशी, अम्मी गेली… झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. फरीदाने आणि मी मुलींच्या एकाच शाळेत गणित शिकवलं, निवृत्तही पाठोपाठ झालो. पण ती आता आठवते ती शाळेतली नव्हे, अर्धांगवायूच्या झटक्यानंतरची.

झटक्याने उजवा हात गेला. बोलणं हळूहळू परतलं. एका सकाळी मी सहज विचारलं, "सात आठे?" ती म्हणाली, "मंगल, समदं पुसलं गेलंय की गं." माझे डोळे भरले, तिचे नाही. दुसऱ्या दिवसापासून सदर बाजारातल्या तिच्या घरात पहिलीतल्या पोरीसारखे खणखणीत पाढे सुरू झाले. रस्त्यावरची माणसं थबकून ऐकत.

पाढे परतले तशी तिने डाव्या हाताने पाटीवर एक संख्या लिहिली: ४२९४९६७२९७. बत्तीस वेळा दोन घेऊन गुणायचे, त्यात एक मिळवायचा, की ही येते. दोन, चार, आठ, सोळा वेळा दोन घेतले तर पाच, सतरा, दोनशे सत्तावन्न, पासष्ट हजार पाचशे सदतीस मिळतात. साऱ्या मूळ संख्या, कशानेच न फुटणाऱ्या. हीसुद्धा तशीच असणार, असं एके काळी मोठमोठ्या गणित्यांना वाटलं होतं. पण ही फुटते. कशाने, ते फरीदाला एकदा पाठ होतं. आता आठवत नव्हतं.

सलीम शिरोलीच्या फाउंड्रीतून नुकताच आला होता. मोबाइल काढत म्हणाला, "अम्मी, आत्ता बघून सांगतो की."

"फोनला हात लावायचा न्हाय! उत्तर नको मला. माझं डोकं परत पायजे."

मग एकेक मूळ संख्या घेऊन भागाकार. डाव्या हाताला सवय नव्हती, अंक एकमेकांवर चढत, चूक सापडली की पुन्हा पहिल्यापासून. चौसष्टच्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्याच तपासल्या तरी पुरतं, असा नियम आहे, हे मी तिला सुचवलं. "असू दे. मला कुठं गाडी गाठायचीय?" म्हणाली. पावसाळा सरला, ऊसतोड सुरू झाली, ती भागतच होती.

एका दुपारी फोनवर ओरडली, "मंगल, फुटली गं! सहाशे एक्केचाळीस!" मी रिक्षाने धावले. आम्ही दोघींनी उलट गुणून पाहिलं: सदुसष्ट लाख चारशे सतरा गुणिले सहाशे एक्केचाळीस. अंकाला अंक जुळला. डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं असतानाही तिने त्या दिवशी मिसळ मागवली आणि कटाची वाटी रिकामी केली.

चाळिसाव्या दिवसाच्या दुवेला गेले, तर खिडकीपाशी तिची खुर्ची तशीच. सलीम म्हणाला, "अम्मी पुढच्या संख्येला हात घालणार होती. चौसष्ट वेळा दोन, वर एक. वीस आकडी हाय. ती पण फुटते म्हणं."

एकेक भाजक घेत बसले तर माझा जन्म पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या खुर्चीत बसले, कागद मागितला, ती संख्या मांडली. अंकांची बेरीज एकोणनव्वद आली. म्हणजे तीनने जात नाही.

"मावशी, चहा टाकू?"

"टाक. मला अजून सातनं भागायचंय."