माझ्या जावेची कात्री

धाकट्या जावेला मी मनातल्या मनात ‘कात्री’ म्हणते. क्लबात वाजणारी नाचाची गाणी ती कॉम्प्युटरवर रचते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत कुठे काय वाजेल, ते तिच्या हातात. सुरावटी सुचतात त्या मला. पण माझी प्रत्येक सुरावट अर्ध्या मिनिटाची, पुढे गाडं अडतं. हिची गाणी मात्र पूर्ण होतात, लोक त्यांवर घामाघूम होतात आणि इथे माझा जळफळाट होतो.

परवा तिने माझी एक सुरावट मागून घेतली. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ठोका, खर्जातला बास, माझी सुरावट, सगळं आधी गाणंभर पसरलं आणि मग एकेक खोडत सुटली. माझी सुरावट तर सगळीकडून उडवली. अगदी शेवटाकडे, ठोका थांबतो तिथे, तेवढी एकदाच ठेवली.

“गळाच कापलास की माझा!” मी फणकारले.

“ताई, आधी ऐका तर.”

चुका काढायच्या म्हणूनच मी हेडफोन लावले. सुरावट आली आणि गेलीसुद्धा.

“कसं वाटलं?”

“ठीक आहे,” मी नाक मुरडलं.

ती चहा टाकायला आत गेली, तशी मी गाणं पहिल्यापासून लावलं. मेली, माझ्याच सुरावटीची मला वाट बघायला लावते!