बाटलीवरच्या खुणा

लढाईच्या दिवसांत केशवापुराहून शाळेत शिकवायला जाताना मी रोज एकाच टांग्यात बसे. टांगेवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. घोडा जुंपण्याआधी तो खिशातली बाटली काढी, तिच्यावर चिकटवलेल्या कागदी खुणेवर अंगठा ठेवून तेवढाच घोट घेई आणि तोंड वाकडं करी.

एकदा मी रागावलेच. "सकाळी सकाळी दारू?"

"दारू नव्हे, अक्का. फेफऱ्याचं औषध. हे घेतलं की फेफरं येत नाही." मग घोड्याची मान थोपटत हळूच म्हणाला, "आणि आलंच, तर लगाम सुटल्याबरोबर हा जागीच थांबतो. शिकवलंय त्याला. कुणाला सांगू नका, माझ्या टांग्यात कोण बसेल?"

मी सांगितलं नाही. मात्र मागे तोंड करून बसलेली मी सारखी मान वळवून त्याचे हात बघू लागले.

पुढे बाजारात ते औषध मिळेनासं झालं. एक खूण तो दोन दिवस पुरवू लागला. मला ते दिसत होतं. तरी मी बसतच राहिले.

एका सकाळी उतारावर घोडा आपोआप थांबला. त्या दिवशी मान वळवायचा मला धीर होईना.